न आवडणे म्हणजे वाईट असणे नव्हे

अ‍ॅनिमे पाहणाऱ्या तरुणांमध्ये वाद झाला की तो दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर "ज्याची त्याची आवड" म्हणून विषय मिटवायचा, नाहीतर "तुला अ‍ॅनिमेतले काही कळत नाही" म्हणून समोरच्याला गप्प करायचे. पहिली वाट सभ्य दिसते, दुसरी उर्मट. पण आमच्या मते दोन्ही वाटा चिकित्सेपासून पळ काढणाऱ्याच आहेत.

मुळात आवड आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे समजून घ्यायला जपानमधलीच दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

2006 साली 'योआके माए योरी रुरीइरो ना' या मालिकेच्या तिसऱ्या भागात कोबी चिरण्याचे दृश्य होते. पडद्यावर दिसला तो मात्र हिरवा, गुळगुळीत चेंडू. ना पाने, ना शिरा! प्रेक्षकांनी यथेच्छ टिंगल केली आणि डीव्हीडी काढताना ते चित्र सुधारण्यात आले. अशा ढासळलेल्या चित्रणाला जपानी चाहते 'साकुगा होकाई' म्हणतात. येथे तक्रार रास्त होती. कारण जे दाखवायचे होते तेच त्या चित्राला दाखवता आले नव्हते. हा दोष कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही.

दुसरे उदाहरण 2007 सालचे. 'तेंगेन तोप्पा गुरेन लागान' या मालिकेचा चौथा भाग ओसामु कोबायाशी यांनी दिग्दर्शित केला. 'बेक' आणि 'पॅराडाइस किस' या मालिका करणारा हा अनुभवी माणूस. त्यांनी तो भाग स्वतःच्या शैलीत केला. नेहमीचे चेहरे वेगळे दिसू लागले आणि चाहते खवळले. येथेही चित्रण ढासळल्याची तीच ओरड झाली. त्यावर निर्मितीत असलेले आणि गायनॅक्स कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले ताकामी आकाई यांनी या टीकेबद्दल अत्यंत घाणेरडे शब्द वापरले. ते चव्हाट्यावर आले आणि त्यांना कंपनी सोडावी लागली. म्हणजे चाहत्यांनी शैलीला दोष ठरवले, निर्मात्याने टीकेला घाण ठरवले आणि मूळ भागाची चर्चा बाजूलाच राहिली.

आता कोबीत आणि कोबायाशींच्या शैलीत फरक काय? कोबीचे चित्र फसले होते. कोबायाशींचे चित्र ठरवून वेगळे काढलेले होते. "मालिकेच्या मध्येच शैली बदलल्याने कथेची लय तुटली" असे कोणी म्हणत असेल तर तो युक्तिवाद आहे, त्यावर बोलता येते. पण "मला सवय नाही, म्हणून हे वाईट" हा युक्तिवाद नव्हे. ती केवळ सवयीची तक्रार आहे.

येथे काही जण विचारतील, मग गुणांकन कशाला आहे? बहुसंख्यांना आवडते तेच चांगले ना? मायअ‍ॅनिमेलिस्टवर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' दीर्घकाळ पहिल्या क्रमांकावर होती. नवी मालिका वर सरकू लागली की तिला दहापैकी 1 गुण देऊन खाली ओढायचे, हा प्रकार चाहत्यांना नवा नाही. मालिका न पाहता गुण देणारा माणूस तिच्या दर्जाबद्दल काय सांगणार? आकडा फार तर गर्दी सांगतो, कारण सांगत नाही.

आणि ही गर्दी शेवटी कोणावर तुटून पडते? 1996 साली 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'चा शेवट न पटलेल्या चाहत्यांनी निर्मात्यांना शिव्याशाप देणारे संदेश पाठवले. 1997 च्या चित्रपटात चाहत्यांचे संदेश क्षणभर पडद्यावरच झळकवले गेले. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांना उत्तर द्यायला निदान पडदा तरी होता. पण हालचालींमधली चित्रे काढणाऱ्या कामगाराचे काय? त्याला एका चित्रामागे साधारण 200 येन मिळतात. वेळापत्रक त्याच्या हातात नसते, पैसाही नसतो. भाग घाईत उरकला गेला तर "चित्रकार आळशी" हा निष्कर्ष सर्वांत सोपा आणि सर्वांत अन्यायकारक आहे. दर्जाबद्दल बोलायचे तर ज्या श्रमातून तो येतो त्याबद्दलही बोलावे लागेल.

म्हणून तरुण मित्रांनो, वाद जरूर घाला, तोही कडाक्याने घाला. पण दोष सांगताना कोणता भाग, कोणते दृश्य, काय फसले ते दाखवा. "आवडले नाही" असे उघड म्हणा, त्याला दर्जाचे सोंग देऊ नका. समोरच्याने कारण दिले तर ते तपासा, तो कोणत्या मालिकेचा चाहता आहे हे नव्हे. आपली लाडकी मालिकाही याच कसोटीवर घासून पाहा. स्वतःच्या आवडीची चिकित्सा ज्याला जमत नाही, त्याने दुसऱ्याच्या आवडीची अक्कल काढू नये.