नाट्यशिक्षणाला फडाची वही वर्ज्य का?

विद्यापीठाच्या नाट्यविभागात प्रथम वर्षाला दाखल झालेला विद्यार्थी भरतमुनींचा रसविचार शिकतो, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून मराठी रंगभूमीचा इतिहास वाचतो, स्तानिस्लावस्की आणि ब्रेख्त यांची तोंडओळख करून घेतो, आवाज कमावतो. यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो या यादीत जे नाही त्याचा. खेळाचा खर्च कोण करतो, पैसा कोणाच्या गाठीला जातो आणि रंगमंचावर घाम गाळणाऱ्याच्या हाती अखेर काय उरते, हा विषय आलाच तर पुढे कधीतरी 'व्यवस्थापन' या सोवळ्या नावाने येतो, आणि तोही शहरी निर्मात्याच्या बाजूने.

तळेगाव ढमढेरे येथून हे शिक्षण घेण्यासाठी पुण्यास जाणाऱ्या मुलाचा विचार करावा. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम त्याने पुस्तकात भेटण्याआधीच आसपासच्या जत्रांतून पाहिलेला असतो. वर्गणी गोळा करून गावकरी नारायणगावच्या राहुट्यांत कसे जातात, सुपारीची घासाघीस कशी चालते, हे त्याने पारावर ऐकलेले असते. शेजारच्या दौंड तालुक्यात चौफुल्याला संगीत बारीची केंद्रे आहेत. तेथील व्यवहार ढोलकी-फडाहून निराळा, हेही तो जाणतो. विद्यापीठात हे सारे ज्ञान 'लोककला' या एका प्रकरणात कोंबले जाते : लक्षणे, वैशिष्ट्ये, टीप लिहा. मुलगा जे जाणून आला तेच विसरणे हा त्याच्या शिक्षणाचा आरंभ ठरतो.

वास्तविक फडाचे अर्थकारण हा पहिल्या वर्षाचाच विषय आहे. दसऱ्याच्या सुमारास हंगाम उभा करण्यासाठी मालक सावकाराकडून कर्ज काढतो आणि कलावंतांना उचल देतो. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या फडाशी बांधलेला. कर्ज फेडण्याची सारी भिस्त चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्यांवर. शिरूर-दौंडच्या उसातही फडच असतो, आणि तेथील तोडणी मजूरही मुकादमाच्या उचलीवरच जगतो. हे केवळ शब्दांचे साम्य नव्हे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, सुपाऱ्या गेल्या. कर्ज आणि उचल मात्र वह्यांत तशीच राहिली.

जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकाचा विषयच मुळी कर्ज हा आहे. जोशीबुवा गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि ब्राह्मणभोजनापायी ते घर ऋणात बुडते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले, आणि ते छापले गेले १९७९ साली. राजाश्रयाचे नाटक आरंभबिंदू आणि कुणब्याच्या कर्जाचे नाटक तळटीप, अशी मांडणी जो इतिहास करतो त्याला तटस्थ कसे म्हणावे?

कला शिकवावी की जमाखर्च, असा आक्षेप येईल. १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतली, ही हकीकत विद्यार्थ्याला भरजरी शालू आणि अत्तरांची आख्यायिका म्हणून ऐकवली जाते. तेथे कर्ज रसिकतेचे भूषण ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, आणि २००२ साली विपन्नावस्थेतच त्या गेल्या. तेथे दारिद्र्य हे कलावंताचे प्राक्तन ठरते. दोन्ही ठिकाणी हिशेब तेवढा टळतो. राज्यकर्त्यांचीही रीत वेगळी नव्हती : स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली ती नीतीच्या नावाने, नाचणारीची मजुरी किती, याची चौकशी त्या नीतिमत्तेत बसत नव्हती.

यावर उपाय खर्चाचा नाही. तळेगाव ढमढेरे येथे कला-वाणिज्य महाविद्यालय आहे. प्रथम वर्षाचे वाणिज्य विद्यार्थी आणि पुण्याचे प्रथम वर्षाचे नाट्यविद्यार्थी यांनी मिळून चैत्रात एकेका गावाची जत्रा अभ्यासावी : वर्गणी किती जमली, सुपारी कितीची, वाहन, तंबू, वाद्ये यांवर काय गेले, ढोलकीवाल्यास, सोंगाड्यास, नाचणारीस रात्रीचे काय मिळाले, आणि त्यातून उचलीपोटी काय वळते झाले. या कामाला परीक्षेत गुण असावेत. फडमालक वही दाखवतीलच असे नाही. न दाखवल्यास कलावंतांकडून उचलीचे आकडे घ्यावेत, ते बहुधा त्यांना तोंडपाठ असतात.