डॉक्टरसाहेब, पेपरामागची गोष्टही सांगा

वैद्यकीय शोधनिबंधात सगळं असतं. रुग्ण किती, औषध कोणतं, फरक किती टक्के. पण डॉक्टरला हा प्रश्न पडला कसा, एवढंच नसतं. आणि कोहमाऱ्यासारख्या गावाला नेमकी तीच गोष्ट कामाची आहे.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचं घ्या. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा नागपूरच्या मेडिकलमधून डॉक्टर झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी पीएचसीत लागला. तिथं लाल विंचू चावून माणसं मरत होती. हा माणूस रुग्णाच्या खाटेजवळ बसून लिहीत राहिला : आधी घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. १९८२ मध्ये ते 'लॅन्सेट'ने छापलं. पुढं रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, यावर चालते हे त्यांनी दाखवलं. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. प्रयोगशाळा कोणती? पीएचसीतली खाट!

आता आपल्या शेजारच्या गडचिरोलीत या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे छापून आलं १९८९ मध्ये. तोवर सरकारी योजनेत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, बस्स.

पुढं बाळांच्या न्यूमोनियाचं काम निघालं. गावच्या दाईला श्वास मोजता येईना, कारण आकडेच येत नव्हते. मग मण्यांचं साधन बनवलं : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दाई अडाणी आहे म्हणून तिला बाजूला सारलं नाही, तिच्या हाताला जमेल असं यंत्र केलं. आज आशाताई घरी येऊन बाळाला तपासते, त्यामागंही गडचिरोलीच्या गावांमधलं काम आहे.

या सगळ्या गोष्टींत एक शब्द सारखा आहे. आपल्या झाडीपट्टीत म्हणतात, 'काहून?' विंचवानं माणूस मरते काहून? बाई दुखणं सांगत नाही काहून? पहिला शोध तिथंच लागतो, पैसा-मशीन नंतर.

मग आपल्याकडं काहून नाही? सडक अर्जुनी तालुक्यात धानाची रोवणी आली की सापाचे पेशंट येतात. सिकलसेलची घरं प्रत्येक आशाताईला माहीत आहेत. हे प्रश्न मुंबईच्या डॉक्टरला दिसणार नाहीत, इथल्या मेडिकल ऑफिसरला रोज दिसतात. पण त्याच्या हाती काय दिलंय? रिपोर्टांचे फॉर्म आणि रेफरची चिठ्ठी. वरून आकडा मागतात, प्रश्न कोणीच मागत नाही.

कोणी म्हणेल, ओपीडीत शंभर माणसं उभी असताना डॉक्टरनं संशोधन कधी करायचं? खरं आहे. म्हणूनच हे एकट्या डॉक्टरच्या माथी मारून चालणार नाही. रिकाम्या जागा भरा. नोंदी ठेवायला एक माणूस द्या. २०१६ पासून गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यानं पीएचसीच्या डॉक्टरांना सोबत घेऊन आपल्या भागाच्या दुखण्यांवर अभ्यास करावा.

आणि जे सापडेल ते इंग्रजी जर्नलमध्ये छापा, पण आधी ग्रामसभेत मराठीत सांगा. रक्त आमचं घेता, दुखणं आमचं लिहिता, तर निकाल ऐकायचा हक्कही आमचाच आहे. शिवाय दहावीतली एखादी पोरगी मागच्या रांगेत बसून ऐकेल ना, की विंचवाच्या नांगीवरचा इलाज एका पीएचसीत सापडला, तर उद्या आपल्याच तालुक्यातला प्रश्न तीच हाती घेईल.