मेंढीला 'हिपी' म्हटल्यानं भाषा मरत नाही

मराठीत दोन इंग्रजी शब्द जास्त आले की लगेच शोकसभा सुरू होते. 'भाषा चालली हो!' मला वाटतं, आपण भलत्याच बगवर तास घालवतोय.

न्यूझीलंडच्या माओरीचं बघा. या भाषेत 'स', 'श', 'ल' नाहीत आणि प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं. गोरे मेंढ्या घेऊन आले तेव्हा 'शीप'ची झाली 'हिपी' आणि 'ख्रिसमस'चं 'किरिहिमेते'. शब्द बाहेरचे, नियम घरचे! आपणही पोर्तुगीजांकडून बटाटा, चावी, पगार, घमेलं घेतलंच की. मराठीचं काही बिघडलं नाही.

मग माओरी खंगली कशानं? १८६७च्या नेटिव्ह स्कूल्स ॲक्टनं शाळांचं माध्यम इंग्रजी केलं. कित्येक माओरी पालकांनाही मुलांना इंग्रजी यावी असं वाटत होतं, हेही खरं. पण पुढे शाळेत माओरी बोललं की मार बसायला लागला. ती मुलं मोठी झाली आणि त्यांनी ठरवलं, आपल्या पोरांना हा त्रास नको. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कामासाठी शहरात आले, तिथे शेजारपाजार इंग्रजी. काही पिढ्यांत भाषा घरातूनच उठली. डिक्शनरी शाबूत, बोलणारी मुलं गायब!

म्हणून उपायही मुलांपासूनच सुरू झाला. शाळेत माओरी शिकवा, असा ३०,०००हून जास्त सह्यांचा अर्ज १९७२मध्ये संसदेत गेला. १९८२मध्ये पहिलं 'कोहांगा रेओ' म्हणजे 'भाषेचं घरटं' उघडलं. तिथे मोठ्यांनी चिमुरड्यांशी माओरीतच बोलायचं, बस्स. १९८७मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. कॉम्प्युटरला त्यांनी शब्द केला 'रोरोहिको', विजेचा मेंदू! पण तो शब्द वापरणारी पोरं आधी तयार करावी लागली.

आपल्यामागे तर कुणी छडी घेऊन उभं नाही. तरी मराठी आई-बाप सोसायटीच्या लिफ्टमध्ये पोराशी इंग्रजीत बोलतात. इंग्रजी हवीच हो, आपली पोटं तिच्यावरच भरतात. पण ती शिकवायला शाळा आहे, टीव्ही आहे, अख्खं इंटरनेट आहे. मराठीला फक्त घर आहे.

तेव्हा पोरगं 'फ्रिजमधून ज्यूस काढ' म्हणालं तर म्हणू दे. ते वाक्य मराठीच आहे. आजीचा फोन आल्यावर मध्ये आपल्याला दुभाषी म्हणून बसावं लागलं, तर मात्र काळजी करा.