जागा खेड्यातलीच का?



मोंटाना, नॉर्थ डाकोटात शेतांच्या मधोमध अण्वस्त्रांचे सायलो आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आमच्या स्टेट कॉलेजपासून तासाभरावरचं क्वेहॅनाचं जंगल? १९५५ साली पेनसिल्व्हेनिया सरकारने ते कर्टिस-राइट कंपनीला दिलं, अणुशक्तीवर चालणारं विमानाचं इंजिन बनवायला. कारण उघड आहे, आसपास माणसं कमी. १९६० मध्ये कंपनी निघून गेली. पुढे तिथे दुसऱ्यांनी स्ट्रॉन्शियम-९० हाताळलं. त्याची साफसफाई २००० नंतरही चालूच होती, आणि ती राज्य सरकारला करावी लागली.

अणुऊर्जेला माझा विरोध नाही, वीज लागतेच. पण जैतापूर-माडबनचे गावकरी प्रश्न विचारतात तेव्हा आपण इंजिनिअर मंडळी त्यांना 'विकासविरोधी' म्हणून मोकळे होतो, हे पटत नाही. अणुभट्टी किती सुरक्षित, हे गणित आपण मांडू शकतो. पण सगळे निघून गेल्यावर कचरा कोण उचलणार, हे लेखी मागणं म्हणजे अडाणीपणा नव्हे. साध्या सॉफ्टवेअरच्या करारातसुद्धा आपण मेंटेनन्सचं कलम आधी वाचतो. मग शेतकऱ्याने का वाचू नये?

तुम्हाला काय वाटतं?