लॅपटॉप म्हातारा झाला नव्हता



गेल्या महिन्यात बहिणीकडे गेले, तर भाची रडकुंडीला आलेली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चार दिवसांत द्यायचा होता आणि लॅपटॉप हलत नव्हता. अक्षर टाइप केलं की उमटायला वेळ लागायचा, व्हिडिओ अडखळायचा. दुकानदार म्हणाला होता, "जुना झाला, नवा घ्या." बहिणीने भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला काढलेही होते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हा भाच्याने या लॅपटॉपवर उबुंटू हे मोफत लिनक्स टाकलं होतं. नंतर काही महिने तो छान चालला. म्हणून मी विचारलं, "नेमका कधीपासून अडतोय?"

"खाला, त्या दिवशी लाइट गेली होती ना, तेव्हापासून."

धागा सापडला. बॅटरी टिकावी म्हणून भाच्याने त्या दिवशी 'पॉवर सेव्हर' लावला होता. लाइट आली, चार्जर लागला, पण तो मोड कोणी बदललाच नाही. आपण हाताने निवडलेला मोड लॅपटॉप बंद करून चालू केला तरी कायम राहतो.

या मोडमध्ये प्रोसेसर मुद्दाम जपून, कमी वेगाने चालतो. गॅसची आच मंद ठेवल्यासारखंच हे. गॅस वाचतो, पण बिर्याणीला वेळ लागतो. मोड वाईट नाही, गरज संपल्यावर तो बदलायला हवा.

तुमच्याकडे असं झालं, तर या क्रमाने बघा:

१. उबुंटूत वर उजव्या कोपऱ्यात क्लिक करा. 'पॉवर मोड'मध्ये 'पॉवर सेव्हर' असेल, तर 'बॅलन्स्ड' निवडा. रोजच्या कामाला हाच बरा. काही लॅपटॉपवर 'परफॉर्मन्स'ही दिसतो, पण त्यात मशीन जास्त तापतं आणि बॅटरी लवकर उतरते.

२. 'सेटिंग्ज'मधल्या 'पॉवर'मध्ये बॅटरी कमी झाल्यावर पॉवर सेव्हर आपोआप लावण्याची सोय असते. ती चालू राहू द्या, पण आहे हे लक्षात ठेवा. बॅटरी उतरल्यावर लॅपटॉप मंदावला, तर घाबरू नका.

३. बॅटरी वाचवण्यासाठी कोणी 'टीएलपी' नावाचा प्रोग्राम टाकला आहे का, ते विचारा. तो आणि उबुंटूची स्वतःची पॉवर प्रोफाइल सेवा, दोन्ही एकाच वेळी नकोत. एकच ठेवा.

४. चार्जर बदलला होता का? काही लॅपटॉप अनोळखी किंवा कमी वॅटचा चार्जर लावला की स्वतःच वेग उतरवतात. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही, योग्य वॅटचा चार्जरच लागतो.

५. एवढं करूनही फरक नसेल, तर 'सिस्टिम मॉनिटर' उघडा. मेमरी भरलेली असेल किंवा एखादा प्रोग्राम सतत प्रोसेसर खात असेल, तर दोष पॉवर सेटिंगचा नाही. पंख्यात धूळ साचून मशीन तापत असेल, तरीही वेग कमी होतो.

भाचीचं काम पहिल्याच पायरीवर झालं. प्रोजेक्ट वेळेत गेला आणि भिशीचे पैसे वाचले, अल्हमदुलिल्लाह.

इस्राफ टाळायचा, तर नवी वस्तू घेण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: हे कधीपासून होतंय, आणि त्या दिवशी आपण काय बदललं होतं?