पापाचे वाटेकरी

युद्धावरून परतलेला सैनिक फटाका वाजला तरी दचकतो. या भीतीवर उपचार आहेत. पण आपल्या हातून एखादे निरपराध पोर मेले, या विचाराने ज्याची झोप उडाली आहे त्याचे काय? ‘तुमची चूक नव्हती’ असे डॉक्टरांनी सांगून त्याचे समाधान होत नाही. कसे व्हावे? तो घाबरलेला नसतोच मुळी!

बोस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ या पुस्तकात हे दुखणे मांडले. पुढे त्याला ‘नैतिक जखम’ म्हणू लागले. औषधाच्या गोळीने ती भरत नाही.

फिलाडेल्फियाच्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात एक चॅपलेन, म्हणजे रुग्णालयाने नेमलेले धर्मगुरू, आणि एक मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून अशांचे गट चालवले. काही आठवडे आपसांत बोलणे झाल्यावर, शेवटी प्रार्थनागृहात, जमलेल्या नागरिकांसमोर, प्रत्येकाने आपली हकिकत सांगायची. वाल्या कोळ्याच्या बायकामुलांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला साफ नकार दिला होता. इथे मात्र ऐकणारे नागरिक त्या सैनिकांभोवती कडे करून उभे राहतात आणि म्हणतात, तुम्हाला आम्हीच पाठवले होते, जे घडले त्यात आमचाही वाटा आहे.