गडावरची रात्र आणि आमची सोय

हरिश्चंद्रगडावर रात्रीचा मुक्काम तर हवा, पण चालणें नको, अशी इच्छा सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यांत अलीकडे वारंवार ऐकूं येते. वरपर्यंत मोटार जावी, दिवे असावे, नळ असावा, म्हणजे मुलांबाळांसह रात्र काढतां येईल! आमच्या मतें, जी वस्तु हवी तिचाच हा नाश मागणें होय.

अकोले तालुक्यांतील हा गड सुमारें १४०० मीटर उंच. वर हरिश्चंद्रेश्वराचें देऊळ, गार पाण्यानें वेढलेलें केदारेश्वराचें लिंग आणि पश्चिमेस कोंकणकडा. यांची राखण आजवर चढणीनेंच केली. जो आपला शिधा व अंथरूण पाठीवरून नेतो, तो फार नेत नाहीं. आणि जो फार नेत नाहीं, तो फार टाकीतही नाहीं.

मात्र ही राखणही आतां अपुरी पडते, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही गडावर राहिलों असतां शेजारच्या तंबूंत मध्यरात्रीपर्यंत यंत्रावरचीं गाणीं चालू होतीं. सकाळीं तीच मंडळी टाक्याच्या कांठीं साबणानें भांडीं घाशीत होती. तीं अडाणी नव्हतीं. आमच्याच वर्गांतलीं होतीं. आणि आम्हीही रात्रभर मनांत चरफडलों, पण उठून एक शब्द बोललों नाहीं. टाक्यांत पाणी सांठतें तें पावसाळ्यांत; एकाचा साबण पुढच्या पावसापर्यंत सर्वांना प्यावा लागतो.

‘मग मुक्कामच बंद करा,’ असें दुसरा पक्ष म्हणतो. परंतु पिठलें-भाकरी रांधून चार पैसे मिळविणाऱ्या पाचनईकरांचें काय? आणि ज्या मुलानें खरा अंधार कधीं पाहिलाच नाहीं, तें पुढें अंधार राखील कशाला? कायदे आहेतच. १९८६ पासून हा मुलूख अभयारण्य आहे; जंगलास धोका होईल असा विस्तव पेटविण्यास १९७२ च्या कायद्याची मनाई आहे; रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धकास २००० सालचे नियम आड येतात. उणीव पाळणाऱ्यांची आहे.

वृद्धांनीं व अपंगांनीं काय करावें, हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. त्यांच्यासाठीं सिंहगड आहे, पन्हाळा आहे. तेथें मोटार जाते. पण प्रत्येक गडाचा सिंहगड केलाच पाहिजे काय? शिवाय हा आक्षेप घेणारे बहुधा धडधाकटच असतात.

आमची सूचना साधी आहे. वनखात्यानें एका रात्रींच्या तंबूंची संख्या ठरवावी, मोजणी पायथ्याच्या गांवकऱ्यांकडे द्यावी, आणि वर नेलेली प्रत्येक पिशवी खालीं आली कीं नाहीं हें पाहावें. शौचास पाण्यापासून दोनशे फूट दूर जावें, वीतभर खड्डा खणावा व तो बुजवावा. एवढें ज्यास जड वाटतें, त्यानें घरीं निजावें. गड त्याच्यावांचून अडलेला नाहीं.